घरच्या ओव्हनमधला केक विकायचा तर कागदपत्रं काय लागतात?

पत्र: ताई, लॉकडाउनमध्ये यूट्यूबवर बघून केक शिकले, आधी बिल्डिंगमधल्या बर्थडेंचे केले, मग व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी यायला लागल्या. आता केक, कुकीज, नानकटाई मिळून महिन्याला पंचवीस-तीस हजारांचं काम होतं. रजिस्ट्रेशन वगैरे काहीच नाही. मिस्टर म्हणतात घरातून तर विकतेस, कशाला पाहिजे, आणि नणंद म्हणते एक दिवस धाड पडेल. यंदा एका कंपनीने दिवाळीचे दीडशे बॉक्स मागितलेत, पण एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर पाहिजे म्हणाले. एजंट साडेचार हजार मागतोय. त्यात मुलीच्या शाळेचा कॅन्टीनवाला ब्राउनी टाका म्हणतो, बेळगावची मावसबहीण कुरिअरने कुकीज पाठव म्हणते, आणि सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की ‘तुमचं दुकान जोरात दिसतंय’ म्हणून हसतात. काय काय करावं लागेल? आणि आजवर विकलं त्याचं काय?
– डोंबिवलीची एक बेकर

अगं, पहिल्यांदा मिस्टरांचा मुद्दा निकालात काढू कारण तो प्रत्येक घरात निघतो. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे त्यात फूड बिझनेस कशाला म्हणायचं ते लिहिलंय, आणि त्यात नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खाजगी, असं सगळंच धरलंय. दुकान पाहिजे, पाटी पाहिजे असं कुठेही नाही. तू पैसे घेऊन केक देतेस म्हणजे तू फूड बिझनेसवाली, विषय संपला. पण नणंदेचंही तितकंसं खरं नाही, कारण तुझ्याएवढ्या छोट्या माणसाला लायसन्स लागतच नाही, नुसतं रजिस्ट्रेशन लागतं, आणि कंपनी मागतेय तो एफएसएसएआय नंबर त्याचाच. २०११ च्या नियमांत त्यासाठी वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल आणि दिवसाला १०० किलोच्या आत माल अशी मर्यादा घातली होती आणि फी ठरली वर्षाला १०० रुपये. हे आकडे मधेमधे बदलतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या दिवशी पोर्टलवर काय दिसतंय ते बघ आणि तेच धर. तुझी वर्षाची उलाढाल तीन-साडेतीन लाख, दिवाळीचे बॉक्स धरून फार तर पाच, म्हणजे तू आरामात आत आहेस.

आता त्या साडेचार हजारवाल्याला नमस्कार सांग. पोर्टलचं नाव फॉस्कॉस, मोबाइल नंबर टाकून लॉगिन करायचं, फॉर्म ए भरायचा, फोटो आणि ओळखपत्र-पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि फी ऑनलाइन भरायची. चूक एकाच ठिकाणी होते आणि ती खूप जणींची होते, धंद्याचा प्रकार निवडताना. ‘रिटेलर’ वर टिक करू नकोस, तू दुसऱ्याचा माल विकत नाहीस, तू बनवतेस, म्हणजे मॅन्युफॅक्चरिंगच्या बाजूला जायचं आणि पदार्थांच्या यादीत बेकरी प्रॉडक्ट्स हा ७ नंबरचा गट धरायचा. पत्ता जिथे प्रत्यक्ष ओव्हन आहे तिथलाच टाक. सासरचं घर मोठं आहे म्हणून तिकडचा टाकला असले उद्योग नकोत.

मग अर्ज आपल्याकडच्या एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जातो. नियम असा की सात दिवसांत त्यांनी रजिस्ट्रेशन द्यायचं किंवा कारण लिहून नाकारायचं किंवा इन्स्पेक्शनची नोटीस द्यायची, आणि इन्स्पेक्शन निघालं तर तीस दिवसांत निर्णय. या मुदतीत काहीच कळवलं नाही तर छोट्या उत्पादकाने काम सुरू करायला हरकत नाही असं त्याच नियमात लिहिलंय, फक्त नंतर त्यांनी सुधारणा सांगितल्या तर त्या कराव्या लागतात. पण तुला तर कंपनीला नंबर द्यायचाय, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर अर्ज टाकून बसू नकोस, याच आठवड्यात टाक.

अन्न सुरक्षा अधिकारी घरी येऊ शकतो का, तर हो, येऊ शकतो, आणि त्याची एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही. त्याला हॉटेलचं स्टीलचं किचन बघायचं नसतं, छोट्यांसाठी स्वच्छतेची वेगळी छोटी यादी आहे: पिण्यायोग्य पाणी, उजेड, हवा, झाकणाची कचरापेटी, झुरळ-उंदीर नसणं, हाताला जखम असेल तर नीट पट्टी, आणि ताप-जुलाब असलेल्या माणसाने पदार्थाला हात न लावणं. मी तुझ्या जागी असते तर एक कपाट फक्त धंद्याच्या सामानाला ठेवलं असतं, मैदा, कोको, लोणी, कलर सगळं त्यात, आणि त्याच कपाटाच्या दारामागे खरेदीची बिलं एका पिशवीत. बिलं फेकायची नाहीत. माल कुठून घेतला हे दाखवता आलं नाही तर मैद्यात अळी निघाली तरी बोट तुझ्याकडेच येतं.

आजवर विकलं त्याचं काय, असं विचारलंस. रजिस्ट्रेशन नसताना विकलं ते नियमाबाहेरच होतं, त्याला गोड नाव देत नाही. पण त्यावर आता उपाय म्हणजे अर्ज करणं, बॅकडेट काहीतरी दाखवणं नव्हे. आणि नंबर हातात येईपर्यंत कंपनीचा माल बाहेर काढू नकोस, एवढं तरी पाळ.

हे सगळं झालं की लोकांना वाटतं सुटलो. खरं तर नंबर काढणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, घरगुती बेकर अडकतात ते डब्यावर आणि इन्स्टावर काय लिहितात त्यात. तेव्हा आता जरा नीट वाच.

सगळ्यात आधी अंडं. आपल्याकडे अंडं खाणारेही ‘आम्ही व्हेजच’ म्हणतात ते घरात ठीक आहे, लेबलच्या नियमात अंडं नॉनव्हेज आहे. म्हणजे अंड्याच्या केकच्या डब्यावर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण, आणि एगलेसवर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. पूर्वी तपकिरीही गोलच असायचा, २०२० च्या लेबलिंग नियमांत त्रिकोण झाला, बाजारात जुने स्टिकर अजून मिळतात ते घेऊ नकोस. नॉनव्हेजमध्ये फक्त अंडंच असेल तर चिन्हाशेजारी तसं लिहायची मुभा आहे आणि ती वापरच, कारण तपकिरी त्रिकोण बघून काही लोकांना भलतंच वाटतं. आणि जिलेटिन! मूस, मार्शमेलो, काही रेडीमेड फॉन्डंट (केकवर चढवायचं साखरेचं आवरण) यात जिलेटिन असतं आणि ते जनावरापासूनचं असेल तर अंडं नसलं तरी तो केक हिरव्या ठिपक्याचा होत नाही. फॉन्डंटचं पाकीट उलटं करून घटक वाचल्याशिवाय ‘प्युअर व्हेज’ लिहू नकोस, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी कोणाच्या आजीला उत्तर द्यायला लागेल ते वेगळंच.

बर्थडे केक ऑर्डरप्रमाणे करून हातात दिला तर त्याला एक छापील चिठ्ठी पुरते असं माझं मत, पण कुकीज-नानकटाई आधीच भरून ठेवलेले डबे हा प्रीपॅक माल, तिथे पूर्ण लेबल लागतं. पदार्थाचं नाव, घटक, पोषणाची माहिती, निव्वळ वजन, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, तुझं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि १४ आकडी नंबर, ॲलर्जीची ओळ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. समज तुझी नाचणीची कुकी आहे आणि तू पुढे मोठ्या अक्षरात ‘नाचणी कुकीज’ छापलंस, पण पिठात दोन वाट्या मैदा आणि अर्धी वाटी नाचणी असेल तर यादीत मैदा आधी येणार, नाचणी मागे जाणार, आणि गिऱ्हाईक ते वाचणार. तेव्हा एक तर नाचणी वाढव नाहीतर नाव बदल. ॲलर्जीच्या ओळीत गहू (ग्लुटेन), दूध, अंडं, शेंगदाणे, सोयाबीन, बदाम-काजू यातलं जे आहे ते. शेंगदाणा तर विसरूच नकोस, एकाच ट्रेवर दाण्याची चिक्की कुकी आणि साधी कुकी भाजत असशील तर तेही लिही.

अजून एक गंमत, लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी वरून घालता येतं, त्याऐवजी नाही. मला हे फारसं पटत नाही, पण नियम तो आहे.

कलरचं सांगायचं तर परवानगीचे कृत्रिम रंग मोजके आहेत, टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, ब्रिलियंट ब्लू असे, आणि केकमध्ये प्रमाणाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. वापरले की लेबलवर तसं लिहायचं. मार्केटमध्ये सुटा विकतात तो चमकणारा ग्लिटर, ज्याच्या डबीवर खाण्यायोग्य असं कुठेही लिहिलेलं नसतं, तो केकवर टाकू नकोस. इन्स्टावर कितीही छान दिसू दे. वनस्पती किंवा स्वस्त बेकरी शॉर्टनिंग घेत असशील तर डब्यावर ट्रान्सफॅट बघ, १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. नानकटाईवालींना हे खास सांगते.

आता ‘शुगर फ्री’. हा शब्द म्हणजे आपल्या घरगुती बेकरांचा लाडका शब्द आणि सगळ्यात चुकीचा वापरलेला. शुगर फ्री म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखरा अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नकोत, आणि यात फक्त पांढरी साखर मोजत नाहीत. खजूर घातलेला, गूळ घातलेला, मध घातलेला केक शुगर फ्री नाही, पिकलेलं केळं घातलेला पण नाही. ‘गुळाचा केक’ लिही ना, गुळाचं वेगळं गिऱ्हाईक असतंच. ‘डायबिटीसला चालतो’ हे तर तोंडीसुद्धा म्हणू नकोस. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात १० लाखांपर्यंत दंड लिहिलाय, चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत, आणि व्हॉट्सअॅप स्टेटस हीसुद्धा जाहिरातच. कंपाउंडचा, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती फॅट घातलेल्या स्वस्त चॉकलेटचा स्लॅब वितळवून ‘प्युअर चॉकलेट’ लिहिणं पण त्यातलंच.

वजनाकडे येऊ. डब्यावर वजन आणि एमआरपी छापली की वैध मापन खातंही येतं, म्हणजे आपलं वजनमापवालं ऑफिस. पॅकरची नोंदणी तिथे वेगळी असते, एमआरपी सगळे कर धरून लिहायची, ग्रॅममागे किती पडतं ते लिहायचं, तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल द्यायचा. आणि काटा तपासून शिक्का मारलेला पाहिजे, ऑनलाइन घेतलेला चारशे रुपयांचा किचनचा काटा घरात कणीक मोजायला ठीक, गिऱ्हाइकाला वजनावर विकायला नाही. पत्ता छापायचा म्हटलं की बायकांना टेन्शन येतं, घरात एकटी असते, कोणीही दारात येईल, आणि ते टेन्शन खोटं नाही, पण पत्ता टाळता येत नाही. धंद्याचा मोबाइल नंबर तरी वेगळा घे, आणि पिकअपची वेळ ठरवून खाली गेटवर दे.

जीएसटीचं दोन ओळीत: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, तुझा प्रश्नच नाही. पण बेळगावची मावसबहीण! बेळगाव आपल्याला कितीही आपलं वाटो, कुरिअरसाठी ते कर्नाटक आहे, आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल पाच हजार असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. बिस्किटं, केक, पेस्ट्रीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ चा दर ५ टक्के झालाय, पण दर कमी झाला म्हणून रिटर्नची कटकट कमी होत नाही. दोन डब्यांसाठी दर महिन्याचं लफडं कशाला, तिला भेट म्हणून पाठव पैसे न घेता, नाहीतर ती दिवाळीला आली की इथूनच विकत नेऊ दे. पुण्या-नाशिकला कुरिअर कर खुशाल.

शाळेच्या ब्राउनीला मी सरळ नाही म्हणेन. शाळेतल्या मुलांच्या खाण्याचे २०२० चे नियम आहेत, त्यात जास्त फॅट-साखर-मिठाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरमध्ये मुलांना विकायला बंदी आहे. त्याआधी २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅन्टीनमधून जंक फूड काढा असा आदेश काढला तेव्हा यादीत केक-पेस्ट्रीही होत्या. कॅन्टीनवाल्याला हे माहीत नसेल असं नाही, अडचण आली की तो ‘त्या मॅडमकडून आणलं’ म्हणून मोकळा होईल. तुझी मुलगी त्याच शाळेत आहे.

सेक्रेटरी साहेबांचं म्हणशील तर सोसायटीला तुझा ओव्हन बंद करायचा हक्क नाही म्हणून भांडायला जाऊ नकोस, कारण उपविधीत फ्लॅट ज्यासाठी दिलाय त्यासाठीच वापरायचा असं असतंच, आणि भाड्याचा फ्लॅट असेल तर करारात ‘फक्त राहण्यासाठी’ लिहिलेलं असतं, मग मालकाशी आधी बोलायला लागेल. त्यापेक्षा कमिटीला एक साधं पत्र दे, मी घरच्या किचनमध्ये एकटी बेकिंग करते, पाटी नाही, कामगार नाही, डिलिव्हरीवाले वर येणार नाहीत, अमुक वाजेपर्यंतच पिकअप. पोच घेऊन ठेव. लोकांची तक्रार केकबद्दल नसतेच गं, लिफ्ट अडते आणि दहा वाजता बेल वाजते त्याबद्दल असते.

वीज आणि गॅस, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दराखाली टीप आहे, घराच्या काही भागात धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या, वर्षाला ३६०० युनिटच्या आत असेल तर घरगुती दर चालतो. ओव्हन रोज चालवून त्यावर एसी लावलास तर ३०० कधी ओलांडले कळणार नाही, बिलं काढून बघ. आणि घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, त्यासाठी १९ किलोचा कमर्शियल असतो. बेकिंग इलेक्ट्रिक ओव्हनवरच ठेव म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं काही जण घाबरवतात, तुझ्याकडे कामगार नाहीत, आणि अशा छोट्या धंद्याला नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत करंट अकाउंट उघडताना ती पावती कामाला येते. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी आधारवर होते आणि फुकट होते, गूगलवर पैसे मागणाऱ्या सरकारी-दिसणाऱ्या साइट निघतात त्यांना बळी पडू नकोस.

आता दीडशे बॉक्स. कंपनीला लिही की रजिस्ट्रेशनचा अर्ज केलाय, नंबर आला की कोटेशनवर टाकून पाठवते, आणि बिलावर तो नंबर लिहीच, २०२२ पासून बिलावर एफएसएसएआय नंबर सक्तीचा आहे. हॅम्परमध्ये दुसऱ्याचे चॉकलेट, मुखवास टाकणार असशील तर त्यांची पाकिटं फोडून तुझ्या डब्यात भरू नकोस, त्यांच्या लेबलसकट ठेव. बॉक्सला बाहेरून गुंडाळायची ती पातळ प्लास्टिकची फिल्म आणि केकबरोबरची प्लास्टिकची सुरी दोन्ही १ जुलै २०२२ पासून बंद आहेत, त्यामुळे लाकडी सुरी आणि कागदी पट्टी. नमुन्याचा एक बॉक्स पूर्ण लेबल लावून त्यांच्या एचआरकडून ईमेलवर मंजूर करून घे, तोंडी नको. निम्मे पैसे ॲडव्हान्स घे, आणि कुकीज किती दिवस कुरकुरीत राहतात ते डबा बंद करून घरात ठेवून स्वतः बघितल्याशिवाय त्यावर तारीख छापू नकोस, कारण कंपन्या बॉक्स आठवडाभर आधी घेतात आणि वाटतात धनत्रयोदशीला.